नेल्सन अ‍ॅनंडेल : आधी ओळख, मग निदान

मृगाची पहिली दमदार सर कोसळून गेली, की कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेने साचलेल्या डबक्यांतून आणि आसपासच्या शेतांतून रात्रभर बेडकांचा गजर ऐकू येतो. सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्ये वसलेल्या, १९९८ साली त्यांच्यासह एकाच महापालिकेत सामील झालेल्या या गावाला तो आवाज नवा नाही. मात्र ओरडणारा बेडूक नेमका कोणत्या जातीचा, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. बेडूक म्हणजे बेडूक, एवढ्यावर आपली चौकशी थांबते. हीच चौकशी पुढे नेण्यासाठी एका माणसाने आपल्या आयुष्याची वीस वर्षे या देशातील ओढे, डोह आणि सरोवरे तुडवण्यात घालवली. त्या माणसाचे नाव नेल्सन अ‍ॅनंडेल. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे ते संस्थापक-संचालक. त्यांच्या निधनाला १०० वर्षे उलटून गेली आहेत. पण त्यांनी करून ठेवलेल्या नोंदींची खरी गरज आज, बेडकांवर आलेल्या रोगांच्या संशोधनात, अधिक तीव्रतेने जाणवू लागली आहे.

ही गरज का निर्माण झाली, ते आधी सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेच्या डोंगराळ जंगलांतून बेडूक एकाएकी नाहीसे होऊ लागले. जंगल शाबूत, झरे वाहते, तरीही बेडूक मात्र मरत होते. १९९८ साली त्यांच्या कातडीत एक सूक्ष्म बुरशी सापडली. कायट्रिड वर्गातील या बुरशीचे पुढील वर्षी बारसे झाले आणि बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस हे लांबलचक नाव तिला मिळाले. २०१९ साली जगभरातील माहिती एकत्र करून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा किमान ५०१ जातींच्या ऱ्हासात या बुरशीचा हात असल्याचे आणि त्यांपैकी ९० जाती बहुधा कायमच्या नष्ट झाल्याचे दिसून आले. एका रोगाने वन्य प्राण्यांच्या इतक्या जातींचे नुकसान केल्याची दुसरी नोंद विज्ञानात नाही.

आपल्या सह्याद्रीतही ही बुरशी आहे. पश्चिम घाटातील तिची पहिली नोंद २०११ साली केरळमधून प्रसिद्ध झाली. त्यानंतर २०१३ साली, पुण्यातील संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने उत्तर पश्चिम घाटातील बेडकांच्या कातडीवरून कापसाचे बोळे फिरवून नमुने घेतले आणि त्यांतही तिचा आशियाई वाण आढळल्याचे दाखवून दिले. सुदैवाने येथे परदेशांसारखी सामूहिक मरतूक नोंदली गेलेली नाही. परंतु हे सुदैव टिकून आहे की नाही, हे पाहायचे तर कोणत्या ओढ्यात कोणता बेडूक होता, त्याचे पिल्लू कसे दिसत असे आणि आज त्यात काय बदल झाला आहे, हे सांगता आले पाहिजे. येथे अ‍ॅनंडेल यांच्याकडे वळावे लागते.

अ‍ॅनंडेल यांचा जन्म १५ जून १८७६ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील टॉमस अ‍ॅनंडेल हे नामवंत शल्यविशारद. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर एडिंबरा सोडून लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या जागी प्राध्यापक म्हणून टॉमस यांचीच नेमणूक झाली होती. डोळ्यांना न दिसणारे जीव माणसाचा प्राण घेऊ शकतात, ही त्या काळी नवी असलेली कल्पना अ‍ॅनंडेल यांच्या घरात रोजच्या बोलण्यातली होती. मुलाने मात्र वडिलांचा व्यवसाय उचलला नाही. रग्बी येथील शाळेनंतर तो ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात दाखल झाला आणि प्राणिशास्त्राकडे व मानववंशशास्त्राकडे वळला.

ऑक्सफर्डमध्ये त्यांना रे लँकेस्टर यांच्यासारखे गुरू लाभले. बेडकांच्या रोगांचा इतिहास लिहायचा झाला तर लँकेस्टर यांचे नाव आरंभीच्या पानांवर येते. १८७१ साली त्यांनी बेडकाच्या रक्तात एक सूक्ष्म परजीवी पाहून त्याचे वर्णन केले होते. पुढे त्या परजीवीच्या प्रजातीला लँकेस्टरेला असे त्यांचेच नाव देण्यात आले. माणसाच्या रक्तातील हिवतापाचा परजीवी चार्ल्स लाव्हरां यांना १८८० साली दिसला. म्हणजे रक्तपेशींत राहणारा जीव माणसाच्या आधी बेडकात सापडला होता. प्राण्यांच्या रोगांकडे केवळ माणसाच्या सोयीने न पाहण्याची ही दृष्टी लँकेस्टर यांच्या पिढीने दिली, आणि अ‍ॅनंडेल त्याच परंपरेत वाढले.

शिक्षण संपताच त्यांनी भटकंती सुरू केली. १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर ते मलाया द्वीपकल्पाच्या उत्तर भागात गेले; १९०१-०२ मध्ये हर्बर्ट रॉबिन्सन यांच्यासह पुन्हा तेथेच गेले. मधल्या काळात आइसलँड आणि फॅरो बेटेही त्यांनी पालथी घातली आणि बेटांवरील जीवनावर एक पुस्तक लिहिले. १९०४ साली ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये उपअधीक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते. तीन वर्षांत ते त्या संग्रहालयाचे अधीक्षक झाले. त्याच वर्षी, म्हणजे १९०७ साली, त्यांनी संग्रहालयाची दोन शोधनियतकालिके सुरू केली. भारतातल्या प्राण्यांची वर्णने लंडनला किंवा बर्लिनला पाठवून तिथल्या सवडीने छापली जावीत, ही रीत त्यामुळे बदलू लागली.

त्या काळातील त्यांच्या कामाचा एक नमुना पुढे फार महत्त्वाचा ठरला. १९०८ साली त्यांच्या आणि कीटकतज्ज्ञ ब्रुनेटी यांच्या नावाने एका इवल्याशा, केसाळ, रक्त शोषणाऱ्या माशीचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिला नाव दिले गेले फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस. आपण जिला सँडफ्लाय म्हणतो, त्या गटातली ही जात. तेव्हा ती एक साधी नोंद होती. बंगाल-आसामात काळा आजार हजारो माणसे मारत होता आणि तो कशामुळे पसरतो, याचा पत्ता कुणाला नव्हता. १९२४ साली कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील संशोधकांना रोग्यांचे रक्त प्यालेल्या याच माशीच्या आतड्यात काळ्या आजाराचे परजीवी वाढताना दिसले. १९४२ साली प्रत्यक्ष माणसांवर प्रयोग होऊन अखेरचा पुरावा मिळाला. रोगवाहक पकडला गेला तेव्हा त्याची ओळख १६ वर्षे आधीच पटवून ठेवलेली होती. माशीला नाव नसते, तर ती कोणत्या जिल्ह्यांत आहे आणि रोग कोणत्या जिल्ह्यांत आहे, यांची सांगड घालणेच शक्य झाले नसते.

अ‍ॅनंडेल आणि सातारा यांचा संबंध जुळला तो एका मराठी तरुणामुळे. मालवणात १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करीत होते आणि सुटीत सह्याद्रीतून हिंडून वनस्पती व प्राणी गोळा करीत होते. १९११-१२ च्या सुमारास साताऱ्याच्या परिसरात, मेढ्याजवळील वेण्णेच्या पात्रात त्यांना नाण्याएवढ्या आकाराचे, पारदर्शक, छत्रीसारखे उघडमीट करणारे जीव आढळले. ती गोड्या पाण्यातील जेलीफिश होती. ही प्रजाती तोवर केवळ आफ्रिकेतून ठाऊक होती. तिथल्या टांगानिका सरोवरात ती सापडल्यामुळे ते सरोवर एकेकाळी समुद्राचा भाग असावे, असाही तर्क मांडला गेला होता. समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या नदीत तिची भावंडे निघाल्याने तो तर्क डळमळला. अ‍ॅनंडेल यांनी तिचे वर्णन करून लिम्नोक्निडा इंडिका असे तिचे नाव ठेवले. संग्रहालयातील त्यांचे सहकारी ग्रेव्हली यांनी आघारकरांसह तिच्या राहणीवर स्वतंत्र निबंध लिहिला.

महाबळेश्वराच्या डोंगरातून निघालेली वेण्णा माहुलीला कृष्णेत मिसळते, कोयना कऱ्हाडला मिळते आणि वारणा हरिपूरला. ते सारे पाणी घेऊन कृष्णा सांगलीला येते. कलकत्त्यात बसलेल्या एका स्कॉटिश शास्त्रज्ञाला आपल्या नद्यांची गोडी लागली ती अशी. हेच आघारकर पुढे बर्लिनला जाऊन आले, कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक झाले. आज ती संस्था आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते.

१ जुलै १९१६ रोजी संग्रहालयाच्या प्राणिविभागातून भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली आणि अ‍ॅनंडेल तिचे पहिले संचालक झाले. महायुद्धाचा तो काळ. मेसोपोटेमिया आणि इजिप्तच्या आघाड्यांवर लढलेले सैनिक बिल्हार्झिया हा रोग घेऊन परतण्याची भीती होती. हा रोग एका चपट्या, पर्णकृमी वर्गातील जंतापासून होतो. त्याचे अर्धे आयुष्य माणसाच्या रक्तवाहिन्यांत आणि अर्धे गोड्या पाण्यातील गोगलगायीत जाते. भारतात ते काम करू शकणारी गोगलगाय आहे काय, असा प्रश्न उभा राहिला. उत्तरासाठी भारतातील गोगलगायींची आणि त्यांच्या अंगातील कृमींची पाहणी करणे आले. अ‍ॅनंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हाती घेतली. वैद्यकीय प्रश्न होता. पण त्याचे उत्तर इस्पितळात मिळणारे नव्हते, ते ओढ्यात उतरूनच शोधावे लागणार होते.

या पाहणीतून गोगलगायींची घडी नीट बसली. १९२१ साली अ‍ॅनंडेल आणि बैनी प्रशाद यांनी आपल्या डबक्यांत सर्रास आढळणाऱ्या चपट्या वेटोळ्याच्या गोगलगायीसाठी इंडोप्लॅनॉर्बिस ही स्वतंत्र प्रजाती मांडली. त्याच वर्षी सोपारकर या भारतीय संशोधकाने, हीच गोगलगाय गुराढोरांच्या रक्तकृमीचे पिल्लू वाहून नेते, हे दाखवून दिले. माणसाच्या बिल्हार्झियाबद्दलची भीतीही अगदीच अनाठायी नव्हती. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांना रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, गिमवी या गावी, स्थानिक लोकांत हा रोग सापडला. त्या शोधापर्यंत अ‍ॅनंडेल यांच्या निधनाला २८ वर्षे झाली होती.

याच वर्षांत बेडकांवरचे त्यांचे मुख्य काम आकाराला आले. मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांत राहणाऱ्या प्राण्यांवर त्यांनी १९१९ साली एक निबंधमाला प्रसिद्ध केली. बेडूक, मासे, गोगलगायी यांना वेगवेगळ्या कप्प्यांत न टाकता, एका ओढ्यात एकत्र नांदणारे शेजारी म्हणून पाहण्याची त्यांची रीत त्यातून दिसते. त्या लेखनात त्यांनी एका छोट्या, तपकिरी, भातखाचरांत आढळणाऱ्यांसारख्याच दिसणाऱ्या बेडकाला सह्याद्रीचे नाव दिले. आरंभी त्यांनी त्याला एका जुन्या जातीचा केवळ प्रकार मानले होते; आज तो मिनर्वारिया सिहाद्रेन्सिस या नावाने स्वतंत्र जात गणला जातो. इंग्रजांच्या जुन्या स्पेलिंगमुळे सह्याद्रीचा सिहाद्री झाला खरा, पण आपला डोंगर त्या नावात कायमचा कोरला गेला.

याच्याही आधी, १९१८ साली, त्यांनी बंगळूरचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांच्यासह मैदानी प्रदेशातील बेडूकमाशांवर निबंध लिहिला होता. बेडूकमासे म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्ले. ती सारी सारखीच काळी-करडी दिसतात आणि मोठ्या बेडकाशी त्यांचे काडीचेही साम्य नसते. मग एखादे पिल्लू कोणत्या जातीचे, हे ओळखायचे कसे? त्याची किल्ली असते तोंडात. बेडूकमाशाच्या तोंडाला शिंगासारख्या कठीण पदार्थाची चोच असते आणि ओठांवर बारीक दातांच्या रांगा असतात. वरच्या ओठावर किती रांगा, खालच्या ओठावर किती, त्यांतल्या कोणत्या सलग आणि कोणत्या मध्ये तुटलेल्या, याचे प्रत्येक जातीचे आपापले सूत्र ठरलेले असते. अ‍ॅनंडेल आणि राव यांनी भिंगाखाली पाहून अशा खुणा नोंदवल्या.

ज्या पदार्थाची ती चोच आणि ते दात बनलेले असतात, त्याचे नाव केराटिन. आपली नखे आणि केसही त्याचेच. कायट्रिड बुरशी नेमकी केराटिनयुक्त पेशींत वाढते. मोठ्या बेडकाच्या सगळ्या कातडीत केराटिन असते, म्हणून बुरशी त्याच्या अंगभर पसरते. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि कातडीतूनच पाणी व क्षार आत घेतो. ती कातडी बिघडली की रक्तातील सोडियम आणि पोटॅशियम घटत जाते आणि अखेर हृदय थांबते. बेडूकमाशाच्या अंगावर मात्र केराटिन नसते; असते ते फक्त तोंडाशी. त्यामुळे बुरशी त्याच्या चोचीत आणि दातांच्या रांगांत मुक्काम करते. पिल्लू सहसा मरत नाही. ते रोग बाळगून पोहत राहते. शेपटी गळून त्याचा बेडूक होताना अंगभर केराटिन तयार होते, आणि मग ती बुरशी तोंडातून कातडीवर उतरते.

म्हणजे ज्या खुणांवरून बेडूकमासा ओळखला जातो, त्याच खुणा रोग आधी पुसून टाकतो. एखाद्या ओढ्यातल्या पिल्लांच्या दातांच्या रांगा विरळ दिसल्या, चोचीचा काळा रंग उडालेला दिसला, तर संशयाला जागा होते. थंडीमुळे किंवा इतर कारणांनीही दात झडू शकतात, त्यामुळे शेवटचा निर्णय आता जनुकीय चाचणीनेच द्यावा लागतो. परंतु संशय येण्यासाठी आधी त्या जातीला निरोगी अवस्थेत किती रांगा असतात, हे ठाऊक असावे लागते. हे ज्ञान साथ येण्यापूर्वीच जमवावे लागते. साथ आल्यावर ते जमवता येत नाही. अ‍ॅनंडेल आणि राव यांना कायट्रिडची कल्पनाही नव्हती. तरीही त्यांनी निरोगी अवस्थेची नोंद लिहून ठेवली, आणि आज तुलनेला तीच हाताशी आहे.

संग्रहालयातील बाटल्यांनाही असाच दुसरा जन्म मिळाला आहे. मद्यार्कात बुडवून ठेवलेल्या जुन्या बेडकांची कातडी तपासून त्यांत बुरशी होती की नाही, हे पाहता येते. २००४ साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९३८ सालच्या एका नखीबेडकाच्या नमुन्यात ती शोधून काढली. हे नखीबेडूक पूर्वी गर्भनिदान चाचणीसाठी जगभर पाठवले जात, त्यामुळे रोगाचे मूळ आफ्रिकेत असावे, असा अंदाज तेव्हा बांधला गेला. पुढे २०१८ साली जगभरच्या बुरशीच्या वाणांची जनुकीय तुलना झाली आणि मूळ पूर्व आशियाकडे, कोरियाच्या बाजूला असल्याचे दिसले. जिवंत बेडकांच्या व्यापाराने ती दूरवर पोहोचली. असा माग काढण्यासाठी जुने नमुने, त्यांवरील स्थळ आणि तारखेची चिठ्ठी यांचे मोल सोन्याहून अधिक असते. अ‍ॅनंडेल यांनी उभारलेल्या संस्थेच्या कपाटांत असे नमुने जपले गेले. तिचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे.

गोगलगायींची पाहणी आणि बेडूकमाशांची पाहणी या दोन वाटाही पुढे एकमेकींना मिळाल्या. गोगलगायीतून बाहेर पडणारी पर्णकृमींची काही पिल्ले बेडूकमाशाच्या अंगात शिरून तिथे कोश करून राहतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत जादा पाय असलेले किंवा पाय खुंटलेले विद्रूप बेडूक मोठ्या संख्येने सापडले, तेव्हा आधी दोष रसायनांवर आला. १९९९ साली प्रयोगाने सिद्ध झाले, की अशा एका कृमीची पिल्ले बेडूकमाशाच्या पाय फुटण्याच्या जागी घुसल्यानेही ही विकृती होते. खतांचे पाणी तळ्यात उतरले की शेवाळ वाढते, शेवाळावर गोगलगायी वाढतात आणि गोगलगायींबरोबर कृमी. रोग एकट्या बेडकाचा नसतो, तो साऱ्या डबक्याचा असतो. ओढ्यातील सगळे शेजारी एकत्र मोजण्याचा अ‍ॅनंडेल यांचा हट्ट किती योग्य होता, हे या उदाहरणातून कळते.

अ‍ॅनंडेल यांचे कुतूहल प्राण्यांपुरते मर्यादित नव्हते. स्टॅनली केम्प यांच्यासह त्यांनी चिलिका सरोवराची पाहणी केली. ब्रह्मदेशातील इन्ले, जपानमधील बिवा, पॅलेस्टाइनमधील टायबेरियस अशा सरोवरांचाही अभ्यास केला. १९२० साली नागपूरला भरलेल्या विज्ञान परिषदेत त्यांची गाठ प्रशांतचंद्र महालनोबिस या तरुण प्राध्यापकाशी पडली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे आकडे त्यांनी महालनोबिस यांच्या हाती सोपवले. त्या आकड्यांशी झुंजताना महालनोबिस संख्याशास्त्रात खोल उतरले आणि पुढे त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले अंतराचे सूत्र जन्माला आले. माणसांच्या कवट्या आणि नाके मोजून वंश ठरवण्याची ती विद्या आज विज्ञानाने मागे टाकली आहे. अ‍ॅनंडेल हे त्यांच्या काळाचे आणि साम्राज्याचेही नोकर होते, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या आघाड्यांवर आणि वसाहतींत उद्भवलेल्या गरजांमुळेच त्यांच्या मोहिमांना पैसा मिळत होता.

तरीही आपल्या हाताखाली त्यांनी भारतीय तरुणांना उभे केले, ही त्यांची मोठी जमेची बाजू. बैनी प्रशाद आणि सुंदरलाल होरा हे दोघेही पुढे त्याच संस्थेचे संचालक झाले. होरा यांच्यासह त्यांनी १९२२ साली डोंगरी प्रवाहांतील मासे आणि बेडूकमासे यांची तुलना केली. खळाळत्या पाण्यात वाहून जाऊ नये म्हणून दोघांनाही खडकाला चिकटण्याची सोय लागते. नाते दूरचे असूनही दोघांच्या अंगाची घडण सारखी कशी होत जाते, हे त्यांनी मांडले. सह्याद्रीच्या पावसाळी धबधब्यांत दगडाला चिकटलेली बेडकाची पिल्ले ज्याने पाहिली आहेत, त्याला या निबंधाचा विषय लगेच उमगेल.

१९२४ च्या जानेवारीत बंगळूरला भरलेल्या विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद अ‍ॅनंडेल यांनी भूषवले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही त्याच वर्षी त्यांच्या वाट्याला आले. मात्र ते सुख फार काळ लाभले नाही. १० एप्रिल १९२४ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. वयाची ४८ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांनी नाव दिलेल्या माशीच्या पोटात काळ्या आजाराचे जंतू दिसल्याची वार्ता त्याच वर्षी कलकत्त्यातूनच प्रसिद्ध झाली.

एका हिमालयीन झाडबेडकाला १९०६ सालीच अ‍ॅनंडेल यांचे नाव मिळाले होते. २०१० साली भारतातील अशा छोट्या झुडुपी बेडकांची नवी प्रजाती मांडली गेली आणि नारायण राव यांच्या स्मरणार्थ तिचे नाव राओर्केस्टेस ठेवण्यात आले. त्यामुळे तो बेडूक आता राओर्केस्टेस अनंडेली झाला आहे. ज्या दोघांनी मिळून बेडूकमाशांची तोंडे तपासली, त्यांची नावे एकाच बेडकाच्या नावात एकत्र आली आहेत.

आता पुन्हा कुपवाडच्या डबक्यांकडे येऊ. अलीकडे पावसाळ्यात आंबोली, कोयना, कास या भागांत बेडूक पाहायला जाणाऱ्या हौशी शहरी मंडळींची संख्या वाढली आहे. ही हौस चांगलीच आहे. फक्त कायट्रिडची बीजे पाण्यात पोहतात आणि ओल्या चिखलात टिकाव धरतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एका ओढ्यातील चिखल बुटांना लावून दुसऱ्या ओढ्यात उतरू नये, बूट घासून, धुऊन पूर्ण वाळवावेत आणि बेडूक उगाच हाताळू नयेत, एवढे पथ्य कुणालाही पाळता येण्याजोगे आहे. घरातील शोभेच्या टाकीतील परदेशी जीव ओढ्या-नाल्यात सोडून देणे तर कटाक्षाने टाळावे.

आणि एक काम याहून सोपे आहे. आपल्या दाराशी ओरडणारा बेडूक कोणता, हे एकदा नीट विचारून घ्यावे. कोणत्या महिन्यात तो ओरडू लागतो, कोणत्या डबक्यात त्याची पिल्ले वाढतात, मागील वर्षी होती आणि यंदा नाहीत असे काही झाले का, याची तारखेनिशी नोंद ठेवावी. रोग कोणता येणार आहे, हे अ‍ॅनंडेल यांना ठाऊक नव्हते. तो यायच्या आधी त्यांनी प्राण्यांची ओळख करून ठेवली. सह्याद्रीच्या ओढ्यांत अजून नाव न मिळालेले बेडूक आहेत आणि नाव मिळालेल्यांपैकी अनेकांची पिल्ले अजून कुणी भिंगाखाली धरलेली नाहीत. ते काम आता आपले आहे.